हनुवटी धरणारा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर सोडते. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही, एवढंच सांगते.

हे माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मुलीच्या बाबतीत घडलं. तिचं नाव मैमूना. जागा नवीन जालना, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा एक दातांचा दवाखाना. मागच्या वर्षीचा जानेवारी, मंगळवार.

रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खालच्या बियाण्याच्या दुकानात पोती उतरवणाऱ्या हमालांची बडबड वरपर्यंत ऐकू येत होती.

म्हणूनच मला याची जास्त भीती वाटते.

मैमूना त्या दवाखान्यात एक्स-रे काढते. जबड्याचा मोठा एक्स-रे असतो ना, ज्यात वरचे-खालचे सगळे दात एकाच फोटोत येतात, तो. पेशंट मशीनमध्ये उभा राहतो, समोरच्या दातांनी प्लास्टिकची छोटी दांडी चावून धरतो, आणि मशीनचा हात त्याच्या डोक्याभोवती पंधरा सेकंद फिरतो. तेवढा वेळ हलायचं नाही.

दात असले की काम सोपं. दांडी चावली की डोकं आपोआप जागेवर बसतं.

पण ज्याच्या तोंडात दातच नाहीत, तो काय चावणार?

अशा पेशंटसाठी मैमूना दांडी काढून हनुवटी टेकवायचा कप बसवायची. दोन्ही बाजूंच्या हिरड्यांमध्ये कापसाची एकेक गुंडाळी ठेवायची. कपाळाचा पट्टा आवळायची. "थुंकी गिळा, जीभ टाळूला लावा, आता बिलकुल हलू नका," असं सांगून बाहेर यायची, जाड दार लावायची आणि बटण दाबायची.

तरी म्हातारी माणसं हलायचीच. फोटोत एका जबड्याचे दोन जबडे दिसायचे. परत काढावा लागायचा. डॉक्टर चिडायचे. आणि डॉक्टरांची नाराजी मैमूनाला परवडणारी नव्हती, कारण तिचा नवरा आमेर स्टीलच्या कारखान्यात पाय भाजल्यामुळं चार महिने घरी पडून होता. घरात तिचाच पगार येत होता.

त्या मंगळवारी तातेराव आले, अंकुशनगरहून. पंचाहत्तरी ओलांडलेली. सगळी उमर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. तोंडात एक दात नाही आणि मान सारखी लटलट हलते.

मैमूनानं दोनदा फोटो काढला. दोन्ही वेळा बिघडला.

तिसऱ्या वेळी...

फोटो इतका स्वच्छ आला, की पुतळा उभा करून काढलाय असं वाटावं.

तिनं आत जाऊन पट्टा सोडला. "बाबा, आता कसं जमलं?"

तातेराव तोंडातला कापूस काढत म्हणाले, "त्या मामानं हनुवटी धरली न्हवं. मंग जमलं."

"कोणत्या मामानं?"

"आता हितंच तर उभा व्हता. भला माणूस हाय. पण बोटं लय गार हायेत त्याची."

मैमूनानं खोलीत पाहिलं.

खोलीला खिडकी नाही. दार एकच. आणि फोटो निघत होता तेव्हा ती त्याच दारापाशी उभी होती.

म्हाताऱ्या माणसाला भास झाला असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. तातेराव गेले. ती फोटो डॉक्टरांना पाठवायला बसली. नेहमीसारखा मोठा करून पाहिला.

जबड्याच्या खाली... हनुवटीच्या दोन्ही बाजूंना...

बारीक पांढऱ्या रेषा होत्या. मध्ये मध्ये सांधे असलेल्या.

ती बोटांची हाडं होती.

मैमूनानं फोटोची खालची कड कापली आणि उरलेला पाठवून दिला. घरी आमेरलासुद्धा सांगितलं नाही.

आठ दिवसांनी एक बाई आली. दात नव्हते. फोटो स्वच्छ. हनुवटीखाली बोटं.

मग एक निवृत्त मास्तर. मग भोकरदनकडची एक आजी. ती आजी बाहेर येता येता म्हणाली, "तुमच्या माणसाच्या हाताला लवंगाच्या तेलाचा वास येतो बाई."

दात असलेल्या एकाही पेशंटच्या फोटोत काही यायचं नाही. फक्त बिनदाताच्या.

शेवटी डॉक्टरांनीच एक न कापलेला फोटो पाहिला. आदिनाथ डॉक्टर, वय चाळीसच्या आत. दवाखाना मूळ त्यांच्या वडिलांचा. ते मोठ्यानं बोलणारे नव्हेत, पण त्या दिवशी त्यांनी मैमूनाला बोलावून दार लोटून घेतलं.

"हा हात कुणाचा आहे?"

"सर, मला माहीत नाही."

"तू आत उभी राहून पेशंटला धरतेस. नियमात बसत नाही हे. कुणी तक्रार केली तर दवाखान्याला कुलूप लागेल. महिना संपेपर्यंत दुसरीकडं बघ."

मैमूना तिथंच उभी राहिली. ती म्हणाली, "सर, खुदा की कसम, मी बाहेर होते. पुढच्या पेशंटला तुम्ही स्वतः बटण दाबा. मी तुमच्या शेजारी उभी राहते. तरीही आलं तर काय कराल?"

डॉक्टरांनी हातानंच तिला जायला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी बिनदाताचा पेशंट आला, तेव्हा ते स्वतः आले. स्वतः खोली तपासली, दार लावलं. मैमूना शेजारी दोन्ही हात पुढं धरून उभी राहिली.

त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो हळूहळू डावीकडून उजवीकडं उमटायला लागला.

आधी गाल... मग दाढांची रिकामी जागा... मग हनुवटी...

आणि बोटं.

या वेळी अगदी स्पष्ट. पहिलं बोट शेवटच्या सांध्यात वाकडं होतं, बाहेरच्या बाजूला वळलेलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. बराच वेळ त्या वाकड्या बोटाकडंच पाहत राहिले.

"धर्मराजमामा," ते म्हणाले.

धर्मराज त्यांच्या वडिलांच्या वेळचा माणूस. बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचा. तेव्हा हे मोठं मशीन नव्हतं. तोंडात छोटी फिल्म ठेवून एक्स-रे काढायचे. पेशंटला दात असतील तर फिल्म अडकून राहायची. नसतील तर...

"नसतील तर मामा आपलं बोट तोंडात घालून धरायचे," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षं. किरणं त्यांच्या बोटांवरून जायची. बाबांनी कधी थांबवलं नाही. हे मशीन आलं, तरी हलणाऱ्या माणसाची हनुवटी धरायला ते आत थांबायचे. मी पाहत होतो. मीही थांबवलं नाही."

आधी नखं काळी पडली. मग बोटांना जखमा झाल्या, त्या भरेनात. मग एकेक बोट काढावं लागलं. शेवटी दोन्ही हातांना एकही उरलं नाही. कामावरून गेले. तीनेक वर्षांपूर्वी वारले.

"हे वाकडं बोट," डॉक्टर म्हणाले, "सगळ्यात आधी कापलं होतं."

मैमूनाची नोकरी राहिली. डॉक्टरांनी एवढंच ठरवलं, की बिनदाताच्या पेशंटला यापुढं दुसरीकडं पाठवायचं.

वाटलं, आता सुटलो.

पण सकाळी खोली उघडली की मशीनच्या ट्रेमध्ये कापसाच्या दोन गुंडाळ्या ठेवलेल्या असायच्या. घट्ट वळलेल्या. शेजारी शेजारी.

मैमूना त्या फेकून द्यायची.

दुपारी ती बाहेर डबा खात बसली की बंद खोलीतून आवाज यायचा... कापूस फाडल्याचा. चर्र... मग शांत. मग परत चर्र...

कुणीतरी पेशंटची वाट पाहत होतं.

असे बारा दिवस गेले. तिचं जेवण सुटलं. नोकरी सोडावी तर घर कसं चालणार, आणि रोज त्या खोलीत पाऊल टाकायचं तरी कसं? तेराव्या दिवशी, शुक्रवारी, तिनं अर्धी सुटी घेतली आणि धर्मराजच्या बायकोला भेटायला बदनापूरला गेली. त्यांचं काही राहिलं असेल, काही विधी, काही शांत... घरच्यांनी करून टाकावं, एवढंच तिला म्हणायचं होतं.

बायकोचं नाव पुष्पाबाई. साठीची, सडपातळ. घरात ती आणि सून दीपमाला. मुलगा पुण्याला कंपनीत.

पुष्पाबाईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, घाबरली नाही. एकच विचारलं.

"काही बोलले का ते?"

"नाही मावशी."

पुष्पाबाईनं सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं. मग हळू आवाजात सांगायला लागली.

"शेवटचं सालभर मीच भरवत व्हते त्यायला. बोटं न्हाईत, घास कसा उचलणार. त्या दिवशी मला कापूस वेचायला जायचं व्हतं. गाडी दारात उभी. आन् हे तोंडच उघडीनात. कशाचा राग आल्ता, काय म्हाईत. मी ताट म्होरं आदळलं. म्हनलं, मंग ऱ्हावा उपाशी, मरत बी न्हाईत एकदाचे. आन् मी वेचायला गेले."

आत भांडं वाजलं, तसा तिनं आवाज आणखी खाली आणला.

"सांजच्याला आले. हे ताटात पडलेले. तोंड घालून खायला गेल्ते, पोरी. भात नाकातोंडात गेल्ता. माझं ते बोलणं कानात घेऊनच गेले ते."

मैमूनानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"तीन साल व्हतील आता. सपनात बी आले न्हाईत. आन् तुझ्याकडं येऊन राह्यले. लोकायच्या हनुवट्या धरून राह्यले." पुष्पाबाईनं तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मला त्या मशीनात उभी कर. एकदा बोलू दे त्यायच्याशी. म्या काही मागत न्हाई दुसरं."

तीन दिवसांनी डॉक्टर जेवायला घरी गेल्यावर पुष्पाबाई आली. मैमूनानं तिला मशीनमध्ये उभं केलं. तिचे दात होते, पंधरा-सोळा. तिनं दांडी चावली.

फोटो साफ. हनुवटीखाली काहीच नाही.

"परत काढ."

दुसऱ्या फोटोतही काही नव्हतं.

"परत काढ ना पोरी."

"नको मावशी. इतके काढले तर तुम्हालाच त्रास होईल."

पुष्पाबाई तिथंच जमिनीवर बसली. स्क्रीनवरच्या आपल्या जबड्याकडं, त्यातल्या पांढऱ्या दातांकडं पाहत राहिली.

"दात हायेत म्हनून येत न्हाईत का?"

मैमूना थकली होती. डॉक्टर यायची वेळ झाली होती. ही बाई आता उठून जावी, एवढंच तिला वाटत होतं.

"हो मावशी," ती म्हणाली. "दात असले की येत नाहीत."

हे मला सांगताना मैमूनानं इथं मान खाली घातली.  मग म्हणाली, "मैंने हाँ नहीं बोलना था, आपा."

फेब्रुवारी गेला. मार्च गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. पुष्पाबाई होती. तोंडावर पदर. एकटीच. मैमूनानं स्टूल पुढं केलं, पण ती बसली नाही.

तिनं पदर बाजूला केला... आणि तोंड उघडलं.

आत एकही दात नव्हता.

हिरड्या अजून लाल होत्या. दोन ठिकाणी टाके दिसत होते. गाल आत गेले होते. दोन महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"दात हलत्यात म्हनून सांगितलं," ती बोबड्या आवाजात म्हणाली. "एका डॉक्टरनं न्हाई म्हनलं. दुसऱ्यानं चार काढले. मंग तिसऱ्याकडं गेले. आता जल्दी कर. आता काढ."

मैमूना रडायला लागली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं तिला? ते दात तिच्याच एका शब्दावर गेले होते.

तिनं कप बसवला. कापसाच्या दोन गुंडाळ्या घेतल्या. त्या हिरड्यांवर ठेवल्या. जखमेला कापूस लागला, तरी पुष्पाबाईनं डोळासुद्धा मिटला नाही.

"मावशी, जीभ टाळूला. बोलायचं नाही, नाहीतर फोटो हलेल."

तिनं दार लावलं.

बटणावर बोट ठेवलं. आणि दाबता येईना.

आतून आवाज आला. कापसातून येणारा, दबलेला.

"अहो..."

मैमूनानं बटण दाबलं. मशीन घूं करून फिरायला लागलं.

"अहो, ऐका ना... त्या दिवशी मी... मी जे बोल..."

आणि आवाज थांबला.

शब्दाच्या मध्येच. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात ठेवावा, तसा.

मशीन फिरत राहिलं. दहा सेकंद... बारा... पंधरा. शिटी वाजली.

मैमूनानं दार उघडलं. खोलीभर लवंगाच्या तेलाचा वास कोंडला होता. पुष्पाबाई जशी उभी केली होती तशीच उभी होती. डोळे सताड उघडे. गालांवरून पाणी वाहत होतं. ओठ घट्ट मिटलेले.

"मावशी?"

ती बोलली नाही. हातानं स्क्रीनकडं खूण केली.

फोटो स्वच्छ होता. जबड्याचं रिकामं हाड. दात निघालेल्या जागी ताजे काळे खड्डे. हनुवटीच्या बाजूंना, जिथं नेहमी बोटं असायची, तिथं काहीच नव्हतं.

फक्त एक बोट होतं.

बरोबर मधोमध. उभं. हनुवटीपासून नाकापर्यंत. वरचा सांधा बाहेर वळलेला.

ओठांवर ठेवलेलं.

मैमूनाच्या तोंडातून भराभरा शब्द निघाले. "मावशी, ते म्हणतायत रडू नको. काही सांगू नको, मला माहीत आहे म्हणतायत. लेकराला गप्प करतात ना, तसं करतायत ते." ती बोलत होती, पण ते बोट प्रेमानं ठेवलंय की दुसऱ्या कशानं, हे हाडावरून कसं कळणार?

पुष्पाबाई खूप वेळ त्या फोटोकडं पाहत होती. मग तोंडातला कापूस काढून ट्रेमध्ये ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. एक शब्द न बोलता.

त्या दिवसापासून खोलीत कापूस फाडल्याचा आवाज आला नाही. ट्रे सकाळी रिकामा असतो. डॉक्टरांनी बिनदाताचे पेशंट परत घ्यायला सुरुवात केली. ते हलतात, फोटो बिघडतो, मैमूना परत काढते.

आठव्या दिवशी दीपमाला दवाखान्यात आली. पुष्पाबाईची सून. तिनं सगळ्या पेशंटसमोर मैमूनाचा दंड धरला.

"ताई, आमच्या आत्याबाईला काय केलं तुम्ही?"

"काय झालं?"

"हितून आल्यापासून त्या बोलल्याच न्हाईत. एक शब्द न्हाई. घसा दाखवला, डोकं दाखवलं. डॉक्टर म्हनत्यात काहीच झालेलं न्हाई."

मैमूना त्याच संध्याकाळी बदनापूरला गेली. ऊन अजून उतरायचं होतं. पुष्पाबाई ओसरीवर बसली होती, समोर पातळ वरणाची वाटी. मैमूनाला पाहून तिनं हातानंच बस म्हटलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सुखही नव्हतं.

मैमूना जवळ सरकली. दीपमाला आत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, मला फक्त एवढंच सांगा. ते रागात होते का?"

पुष्पाबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिला सांगायचं होतं. मैमूना शपथेवर सांगते, तिला सांगायचं होतं. तिनं श्वास घेतला. ओठ उघडले. त्या रिकाम्या तोंडात जीभ हलली...

आणि तिनं मान वळवून आपल्या डाव्या बाजूला पाहिलं.

तिथं कुणी नव्हतं. ओसरीची भिंत होती.

तिनं ओठ मिटून घेतले.

मैमूना उठली. चालत स्टेशनवर आली, गाडीत बसली, घरी पोहोचली. वाटेत तिकीट मागण्यापुरतंही तिच्या तोंडून काही निघालं नाही. तिनं खिडकीत पैसे सरकवले आणि बोटानं जालन्याच्या दिशेला दाखवलं.

पुष्पाबाई अजून बोललेली नाही. हे लिहिण्याआधी मी दीपमालाला फोन करून विचारून घेतलं.

आणि मैमूनानं हे सगळं मला सांगितलं ते माझ्या घरात, सकाळी अकरा वाजता. घरात आम्ही दोघीच होतो.

तरी ती कुजबुजत होती. आणि मध्ये मध्ये डावीकडं बघत होती.